गर्भ राहणार नाही या अटीवर : औषधचाचण्यांतील एका कलमाचा इतिहास

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेण्यापूर्वी जो लेखी आराखडा तयार केला जातो, त्यात कोणाला चाचणीत घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे हे सांगणारे एक प्रकरण असते, आणि औषध रक्तदाबावरचे असो, क्षयावरचे असो वा कर्करोगावरचे, त्या प्रकरणात जवळजवळ ठरलेल्या शब्दांत एक कलम येतेच : सहभागी होऊ इच्छिणारी स्त्री गर्भधारणाक्षम असल्यास तिला गर्भ राहिलेला नाही याची तपासणी झालेली असावी, आणि चाचणी चालू असेपर्यंत, तसेच शेवटच्या मात्रेनंतरही ठरावीक काळ, तिने परिणामकारक गर्भनिरोधक साधन वापरण्याचे मान्य केलेले असावे. ‘गर्भधारणाक्षम’ ही येथे तांत्रिक संज्ञा आहे. पहिल्या पाळीपासून रजोनिवृत्तीपर्यंतच्या वयातील, आणि जिचे गर्भाशय, दोन्ही बीजवाहिन्या किंवा दोन्ही अंडाशय काढून टाकलेले नाहीत अशी प्रत्येक स्त्री या संज्ञेत येते; तिचा विवाह झाला आहे की नाही, तिचे कोणाशी शरीरसंबंध आहेत की नाहीत, याचा संज्ञेशी काही संबंध नसतो. हे कलम आज इतके रुळलेले आहे की ते वैद्यकशास्त्राइतकेच जुने आणि तितकेच स्वयंसिद्ध वाटते. वस्तुतः त्याचे आजचे रूप १९९३ सालचे आहे, ते एका दीर्घ वादातून निघालेल्या तडजोडीचे फळ आहे, आणि जे दार उघडण्यासाठी ती तडजोड झाली त्याच दारात पुढे ते अनेक स्त्रियांच्या आड आले.

या कलमाचे मूळ थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेत सांगण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, परंतु त्या दुर्घटनेत नेमके काय घडले हे नीट पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल या कंपनीने १ ऑक्टोबर १९५७ रोजी झोपेचे आणि मन शांत करणारे औषध म्हणून थॅलिडोमाइड बाजारात आणले; त्याची जाहिरात अत्यंत निर्धोक औषध म्हणून झाली, आणि गरोदरपणातील मळमळीसाठीही ते सर्रास घेतले जाऊ लागले. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो याचा पुरेसा अभ्यास प्राण्यांवर झालेला नव्हता आणि माणसांवरही झालेला नव्हता. त्या काळी वार ही गर्भाभोवतीची भक्कम तटबंदी आहे असा वैद्यकातील सर्वसाधारण समज होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी हातापायांची वाढ खुंटलेली बालके आणि हे औषध यांचा संबंध उघडपणे मांडला, ऑस्ट्रेलियात विल्यम मॅक्‌ब्राइड यांनी तीच शंका व्यक्त केली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेण्यात आले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालकांना बाधा झाली होती असे मानले जाते.

अमेरिकेत हे औषध त्या काळी विक्रीला आले नाही, याचे श्रेय तेथील अन्न व औषध प्रशासनातील, म्हणजे एफडीएतील, डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे जाते. सप्टेंबर १९६० मध्ये मेरेल कंपनीने केलेला परवान्याचा अर्ज त्यांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून पुन्हा पुन्हा परत पाठवला. प्रथम त्यांना चेतातंतूंवरील परिणामाची शंका होती, नंतर त्यांनी गर्भाविषयीही विचारणा केली. तथापि परवाना नसतानाही औषध अमेरिकेत पोहोचले होते, आणि ते ‘चाचणी’ या नावाखाली. मेरेलने एक हजाराहून अधिक डॉक्टरांना सुमारे २५ लाख गोळ्या वाटल्या, त्यांनी त्या सुमारे वीस हजार रुग्णांना दिल्या, आणि आपण अद्याप मान्यता न मिळालेले औषध घेत आहोत हे त्यांतील अनेकांना सांगितलेही गेले नव्हते. अमेरिकेत बाधित झालेल्या १७ बालकांची नोंद झाली, त्यांपैकी काहींच्या मातांनी गोळ्या परदेशातून मिळवल्या होत्या. १० ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्या केफॉव्हर-हॅरिस दुरुस्त्यांनी औषध गुणकारी असल्याचा पुरावा बंधनकारक केला आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याची संमती घेणे आवश्यक ठरवले.

येथे एक गोष्ट ठामपणे नोंदवली पाहिजे. थॅलिडोमाइडने बालकांची हानी झाली ती गरोदर स्त्रियांवर काळजीपूर्वक, त्यांच्या संमतीने आणि डोळ्यांत तेल घालून चाचणी घेतल्यामुळे झाली नाही. ती चाचणी न घेताच औषध लाखो घरांत पोहोचल्यामुळे झाली. त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष असा की जे औषध स्त्रिया घेणार आहेत त्याची परीक्षा स्त्रियांच्या बाबतीतही झाली पाहिजे, आणि ती मोजक्या जणींवर, पूर्ण माहिती देऊन व्हावी. पुढच्या पंधरा वर्षांत काढला गेला तो निष्कर्ष याच्या उलट होता. १९७१ मध्ये बोस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मुलींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचा संबंध त्यांच्या मातांनी गरोदरपणी घेतलेल्या डीईएस या कृत्रिम संप्रेरकाशी जोडून दाखवला, तेव्हा ही भीती अधिकच गडद झाली. औषधाचा परिणाम जन्मानंतर पंधरा-वीस वर्षांनी उघड होऊ शकतो हे कळल्यावर औषध कंपन्यांच्या विधी-सल्लागारांना प्रत्येक तरुण स्त्रीमध्ये भावी खटला दिसू लागला. हे औषध गर्भपात टाळण्याच्या कामी निरुपयोगी आहे हे शिकागोतील एका नियंत्रित चाचणीने १९५३ मध्येच दाखवून दिले होते, आणि तरीही ते पुढे जवळजवळ दोन दशके लिहून दिले जात होते. म्हणजे याही वेळी बाधक ठरली ती चाचणी नव्हे, चाचणीच्या निष्कर्षाकडे झालेले दुर्लक्ष होते.

१९७७ मध्ये एफडीएने औषधांच्या मूल्यमापनाविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. चाचणीचे टप्पे येथे समजून घेतले पाहिजेत : पहिल्या टप्प्यात थोड्या, बहुधा निरोगी व्यक्तींना औषध देऊन शरीर ते किती सोसते आणि किती काळात बाहेर टाकते हे पाहतात, दुसऱ्या टप्प्यात मर्यादित रुग्णांवर त्याचा गुण आणि योग्य मात्रा शोधतात, तिसऱ्या टप्प्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन प्रचलित उपचाराशी किंवा औषधविरहित गोळीशी तुलना करतात. मार्गदर्शिकेने गर्भधारणाक्षम स्त्रियांना पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीच्या भागातून वगळण्यास सांगितले. प्राण्यांवरील प्रजननविषयक अभ्यास पूर्ण झाल्यावर आणि औषधाच्या गुणाचा काही पुरावा मिळाल्यावर त्यांना पुढे घेण्यास हरकत नव्हती, आणि जीवघेण्या आजारांसाठी अपवादही ठेवलेला होता. परंतु मात्रा ठरते ती आधीच्या टप्प्यांत, आणि अपवादाची वाट प्रत्यक्षात फारशी कोणी चोखाळली नाही.

या मार्गदर्शिकेतील व्याख्या विलक्षण होती. रजोनिवृत्ती न झालेली आणि गर्भ राहू शकेल अशी प्रत्येक स्त्री तीत येत होतीच, परंतु कोणाला शंका राहू नये म्हणून गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शने किंवा इतर साधने वापरणाऱ्या स्त्रिया, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, आणि ज्यांच्या पतींची नसबंदी झालेली आहे अशा स्त्रियाही तीत मोडतात, असे स्पष्ट शब्दांत नमूद केलेले होते. आजच्या कलमात गर्भनिरोधनाला जे स्थान आहे, ते १९७७ मध्ये त्याला मुळीच नव्हते. स्त्रीने तांबी बसवून घेतली काय, पतीने शस्त्रक्रिया करून घेतली काय, किंवा ती अविवाहित आणि संबंधांपासून दूर असली काय, तिच्या शब्दाला आणि तिने योजलेल्या उपायाला नियमाच्या दृष्टीने किंमत शून्य होती. ज्या दशकात गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत घरोघरी पोहोचली होती, त्याच दशकात अमेरिकी शासनाचे एक खाते असे मानून चालले होते की स्त्री आपल्या गर्भधारणेविषयी काही ठरवू शकते यावर विसंबून राहता येणार नाही. या नियमामागील माणसांच्या मनात दुसऱ्या थॅलिडोमाइडची खरीखुरी धास्ती होती याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. पण धास्तीतून केलेला नियम ज्याचे रक्षण करू पाहत होता तो अजून अस्तित्वातही न आलेला गर्भ होता, आणि त्याची किंमत मोजणारी स्त्री मात्र अस्तित्वात होती, आजारीही पडत होती.

ती किंमत हळूहळू दिसू लागली. स्त्रीचे सरासरी वजन, शरीरातील चरबीचे प्रमाण, यकृतातील विकरांचे काम आणि पाळीच्या चक्रानुसार बदलणारी संप्रेरके यांमुळे काही औषधे तिच्या शरीरात वेगळ्या गतीने वावरतात. परंतु औषधाची मात्रा पुरुषांवर बेतलेली असे आणि स्त्रियांना तीच दिली जाई. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या एका कृतिगटाने स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे ज्ञान अपुरे असल्याचे नोंदवले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, संशोधकांना स्त्रियांचा समावेश करण्याचे आवाहन केले. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ते आवाहन कागदावरच राहिल्याचे सांगितले, तेव्हा पॅट्रिशिया श्रोडर, ऑलिम्पिया स्नो आणि बार्बरा मिकुल्स्की या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न राजकीय पटावर आणला. त्या काळी वारंवार दिले जाणारे उदाहरण म्हणजे ॲस्पिरिन हृदयविकाराला आवर घालते का हे पाहणारा अभ्यास. त्यात २२,०७१ डॉक्टर सहभागी होते आणि ते सर्वच्या सर्व पुरुष होते.

निर्णायक आघात मात्र औषधविश्वाच्या बाहेरून, कारखान्यातून आला. गर्भाच्या संरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांना शिशासारख्या घातक द्रव्यांच्या कामातून दूर ठेवण्याची पद्धत अमेरिकी उद्योगांत रूढ झाली होती. वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथील अमेरिकन सायनामिडच्या कारखान्यात १९७८ मध्ये असे धोरण लागू झाल्यावर पाच स्त्रियांनी नोकरी टिकवण्यासाठी स्वतःवर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करवून घेतली होती. विद्युत्घट बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सने १९८२ मध्ये आपण वंध्य असल्याचा वैद्यकीय दाखला न देऊ शकणाऱ्या सर्व स्त्रियांना शिशाच्या कामातून वगळले. २० मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण लिंगभेद करणारे आणि म्हणून बेकायदा ठरवले. भावी अपत्याच्या हिताचा निर्णय आईवडिलांनी करावयाचा, मालकाने नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. शिसे पुरुषाच्या बीजालाही अपाय करते आणि तरीही बंदी फक्त स्त्रियांवर आहे, हा मुद्दाही निकालात आला. जे तत्त्व कारखान्याला लागू होते ते प्रयोगशाळेला का लागू होऊ नये, या प्रश्नाला आता टाळता येईना.

याच वर्षांत एड्सने त्या प्रश्नाला जिवाची निकड आणली. एचआयव्हीवरच्या नव्या औषधांपर्यंत पोहोचण्याचा बहुतेकांचा एकमेव मार्ग चाचणीत सहभागी होणे हाच होता, आणि नेमक्या त्याच दारातून तरुण स्त्रिया परत पाठवल्या जात होत्या. जो आजार मरण आणतो त्यावरील औषध, न राहिलेल्या गर्भाला कदाचित बाधेल म्हणून, मरणाच्या वाटेवरील स्त्रीला नाकारायचे, या तर्काचे समर्थन करणे कोणालाही कठीण होते. १९९२ मध्ये एचआयव्हीबाधित स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी १९७७ चे निर्बंध उठवण्याची मागणी एफडीएकडे रीतसर अर्ज करून केली. गर्भवतींना चाचणीत घेतल्याने काय साधते याचा धडधडीत पुरावाही लवकरच मिळाला : ‘एसीटीजी ०७६’ या, गरोदर स्त्रियांवरच बेतलेल्या चाचणीत झिडोवुडीन हे औषध दिल्यावर मातेकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही-संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आल्याचे १९९४ मध्ये दिसून आले. त्या गर्भवतींना ‘संरक्षण’ देऊन बाहेर ठेवले असते, तर ज्या बालकांच्या नावाने ते संरक्षण दिले असते तीच संसर्ग घेऊन जन्मली असती.

१० जून १९९३ रोजी संमत झालेल्या कायद्याने एनआयएचच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक झाला, आणि २२ जुलै १९९३ रोजी एफडीएने १९७७ चा निर्बंध मागे घेणारी नवी मार्गदर्शिका काढली. या दस्तऐवजात आजच्या कलमाचा जन्म आहे. गर्भ औषधाच्या संपर्कात येण्याचा धोका टाळण्यासाठी संपूर्ण स्त्रीवर्गाला वगळणे आवश्यक नाही, चाचणीची रचना काळजीपूर्वक करून तो टाळता येतो, असे तिने म्हटले. आणि त्यासाठी गर्भचाचणी, विश्वासार्ह गर्भनिरोधन किंवा चाचणीपुरता संयम, तसेच अल्पकालीन अभ्यास असल्यास औषध पाळीच्या दिवसांत किंवा पाळी संपताच देणे, हे उपाय सांगितले. प्राण्यांवरील प्रजननविषयक अभ्यासांची स्थिती काय आहे आणि गर्भाला कोणता संभाव्य धोका आहे हे संमतिपत्रात स्पष्ट सांगण्याची अपेक्षा होती. पाळीच्या चक्राचा औषधावर काय परिणाम होतो, गर्भनिरोधक गोळ्यांचा औषधावर काय होतो, आणि उलट औषधाचा त्या गोळ्यांवर काय होतो, हे तिन्ही प्रश्न अभ्यासण्याची सूचनाही तिने केली. सोळा वर्षांपूर्वी ज्या स्त्रीच्या शब्दाला किंमत नव्हती, तिचा शब्द आता पुरेसा मानला गेला. गर्भनिरोधनाची अट ही त्या क्षणी बंधन नव्हती. ती प्रवेशपत्र होती, आणि ज्या स्त्रियांनी त्यासाठी लढा दिला त्यांनी ती समजून-उमजून स्वीकारली होती.

परंतु एफडीएने निर्बंध उठवला तरी सुरुवातीच्या टप्प्यांत स्त्रियांना घेतलेच पाहिजे असे बंधन घातले नाही, आणि ज्या स्त्रीला प्रत्यक्ष गर्भ राहिलेला आहे तिचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने गरोदर स्त्री ही मुळात पात्र समजावी आणि तिला वगळावयाचे असल्यास कारण द्यावे अशी शिफारस केली. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. तडजोडीचा अर्थ असा झाला की स्त्रीने गर्भवती न राहण्याची हमी दिली तर ती आत, राहिली तर बाहेर.

या हमीची यंत्रणा पुढे अधिकाधिक काटेकोर होत गेली, आणि तिला घडवण्यात पुन्हा थॅलिडोमाइडचाच हात होता. जेरुसलेम येथे १९६४ मध्ये याकोब शेस्किन यांना हे औषध कुष्ठरोगातील एका वेदनादायी प्रतिक्रियेवर, त्वचेवर गाठी उमटवून ताप आणणाऱ्या ‘ईएनएल’वर, विलक्षण गुणकारी असल्याचे आढळले होते; त्याच उपयोगासाठी एफडीएने जुलै १९९८ मध्ये त्याला मान्यता दिली. अटी मात्र पूर्वी कोणत्याही औषधाला नव्हत्या अशा होत्या : स्त्रीने उपचाराच्या चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत एकाच वेळी दोन गर्भनिरोधक साधने वापरावीत, ठरावीक अंतराने गर्भचाचणी करून घ्यावी, आणि औषध वीर्यात उतरण्याची शक्यता गृहीत धरून पुरुषाने निरोध वापरावा. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन या गर्भविकृतिजनक औषधासाठी, म्हणजे गर्भाच्या अवयवांच्या घडणीत दोष आणणाऱ्या औषधासाठी, २००६ पासून ‘आयप्लेज’ ही संगणकीकृत नोंदणी सुरू झाली. ही दोन्ही औषधे घातक असल्याचे सिद्ध होते, आणि त्यांच्याबाबतीत इतकी दक्षता रास्त होती. अडचण ही की सिद्ध धोक्यासाठी घडवलेला साचा ज्यांच्या धोक्याविषयी काहीच माहीत नाही, किंवा जी निरुपद्रवी असण्याचीच शक्यता अधिक आहे, अशा औषधांच्या चाचण्यांतही जसाच्या तसा उचलला गेला.

युरोपीय देशांच्या औषधनियामक संस्थांच्या चाचणी-समन्वय गटाने २०१४ मध्ये या साधनांची प्रतवारी ठरवून दिली. नीट वापरल्यास वर्षाला एक टक्क्याहून कमी वेळा फसणारी साधने ‘अत्यंत परिणामकारक’ ठरली : अंडमोचन थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या, इंजेक्शने व त्वचेखालील कांड्या, तांबी, स्त्रीची नसबंदी, नसबंदी झालेला जोडीदार, आणि संपूर्ण संयम. निरोध या यादीत नाही. तो दुय्यम प्रतीत गेला. संयमालाही अट आहे : तो त्या स्त्रीच्या नेहमीच्या जीवनपद्धतीशी सुसंगत असला पाहिजे, केवळ चाचणीपुरता पत्करलेला संयम किंवा ‘सुरक्षित दिवसांचा’ हिशेब ग्राह्य नाही. १९९३ ची मार्गदर्शिका चाचणीपुरता संयम पुरेसा मानत होती. वीस वर्षांत स्त्रीच्या शब्दावरचा तो विश्वास पुन्हा आटलेला या बारीक फरकातून दिसतो. पुरुषाची जबाबदारी अलीकडे वाढली आहे, आणि वीर्यपेशी तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने जनुकांना इजा करू शकणाऱ्या कर्करोगविरोधी औषधांनंतर पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना सहा महिने काळजी घेण्यास सांगतात. तरीही बहुतेक चाचण्यांत भार स्त्रीच्याच शरीरावर पडतो. कृत्रिम संप्रेरके सर्वांना मानवत नाहीत. ज्या स्त्रीला रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे तिला गोळी घातक ठरू शकते, धार्मिक श्रद्धेमुळे कोणी कोणतेही साधन नाकारते, आणि जिचा संबंध केवळ स्त्रियांशी आहे तिला ती अट निरर्थक असते. शिवाय जे औषध तपासायचे तेच कधी गोळीचा परिणाम घटवते : रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध यकृतातील विकरांना चेतवून गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके लवकर नष्ट करते हे १९७१ पासून माहीत आहे, म्हणजे क्षयाच्या चाचणीतील ज्या स्त्रीने गोळीच्या भरवशावर सही केली तिची हमी तिच्या नकळत पोकळ ठरू शकते.

आफ्रिकेत झालेल्या एचआयव्ही-प्रतिबंधाच्या चाचण्यांत कलम आणि जीवन यांतील हे अंतर उघडे पडले. गर्भनिरोधन वापरण्याचे मान्य करूनही अनेक स्त्रियांना गर्भ राहिला. ‘फेम-प्रेप’ या चाचणीत तर गर्भनिरोधक गोळ्या निवडणाऱ्यांमध्येच त्याचे प्रमाण विशेष जास्त आढळले. गोळ्या केवळ प्रवेशासाठी मागितल्या गेल्या, घेतल्या गेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होता, आणि त्यात स्त्रियांना दोष देण्यासारखे काही नाही. ज्या समाजात मूल होणे हीच संसाराची खूण असते, तेथे दोन वर्षे मूल न होऊ देण्याची मागणी सहीपुरतीच राहते. गर्भ राहताच औषध बंद केले जाई, आणि जिला संसर्गाचा धोका आधीइतकाच किंवा अधिक होता तिचे संरक्षण त्याच दिवशी संपे.

मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील एका जन्मनिरीक्षण अभ्यासात डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरचे नवे, अधिक सुसह्य औषध गर्भधारणेच्या वेळी घेत असलेल्या ४२६ स्त्रियांच्या अपत्यांपैकी ४ जणांत मेंदू किंवा पाठीच्या कण्याच्या घडणीतील दोष आढळला, आणि पाहता पाहता अनेक देशांत गर्भनिरोधनाची खात्री दिल्याशिवाय तरुण स्त्रियांना हे औषध मिळेनासे झाले. जुलै २०१८ मध्ये किगाली येथे जमलेल्या आफ्रिकेतील एचआयव्हीबाधित स्त्रियांनी या सरसकट नकाराला विरोध केला. धोका समजावून सांगा आणि निवड आम्हांला करू द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढच्या वर्षीच्या आकडेवारीत १,६८३ प्रसूतींमध्ये असे ५ दोष निघाले, म्हणजे प्रमाण सुमारे एक टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने औषध सर्वांसाठी सुचवले. नंतरच्या वर्षांत तो फरक जवळजवळ नाहीसाच झाला. चार घटनांच्या आधारे दार लावणे सोपे गेले, कारण गर्भवतींविषयी आधीची माहितीच नव्हती. आणि ती नव्हती, कारण आधीच्या चाचण्यांत हेच कलम होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी दोन ठिकाणी थेट संबंध आला. क्षयाला प्रतिबंध करण्यासाठी आयसोनियाझिड हे औषध एचआयव्हीबाधित गर्भवतींनाही द्यावे अशी शिफारस गर्भवतींवर त्याची तुलनात्मक चाचणी झालेली नसतानाच केली गेली होती. आठ देशांत ९५६ गर्भवतींना घेऊन जी चाचणी मग झाली, तिचे एक केंद्र पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते. गरोदरपणीच औषध सुरू केलेल्या गटात मृतजन्म, अकाली प्रसूती, कमी वजन यांसारख्या बाधा २३.६ टक्के जणींना, तर बाळंतपणानंतर सुरू केलेल्या गटात १७ टक्के जणींना झाल्या, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. असा निष्कर्ष गर्भवतींना बाहेर ठेवून कधीच निघाला नसता; धोका होता, आणि तो चाचणीबाहेरच्या असंख्य स्त्रिया अजाणता पत्करत होत्या.

दुसरा संबंध अधिक वेदनादायी आहे. २०२० मधील कोविड लशींच्या प्रमुख चाचण्यांतून गर्भवतींना वगळलेले होते, म्हणून १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले तेव्हा त्यांना लस द्यावयाची नाही असे ठरले; त्यांना ती घेण्यास परवानगी मिळाली २ जुलै २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरू लागल्यावर. मुंबईत परळ येथे असलेल्या, प्रजनन स्वास्थ्यावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने महाराष्ट्रात चाललेल्या ‘प्रेगकोविड’ नोंदवहीतून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जी तुलना मांडली, तिच्यात १,५३० गरोदर व बाळंत स्त्रियांची नोंद होती : बाधितांमधील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. लस आधी मिळाली असती तर यांतील किती जणी वाचल्या असत्या हे गणित कोणी मांडू शकत नाही; पण त्यांना लस द्यावी की नाही हे सांगण्याइतकी माहितीच त्या वेळी कोणाकडे नव्हती, आणि ती नसण्याचे कारण कोणताही विषाणू नव्हता.

भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे व चाचणी नियमांत एक तरतूद आहे जी या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे : चाचणीत आई किंवा वडील सहभागी झाल्यामुळे गर्भातील बालकाला इजा झाल्यास ती चाचणीजन्य इजाच समजली जाते आणि तिची भरपाई द्यावी लागते. ‘आई’ न म्हणता ‘पालक’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, सासू शेजारी उभी असताना, ‘पाळी कधी आली, काय साधन वापरता’ असे विचारून घेतलेल्या सहीला माहितीपूर्ण संमती म्हणता येईल का, हा प्रश्न नियमाने सुटत नाही.

बदल आला तो पुन्हा आफ्रिकेतून. दर आठ आठवड्यांनी इंजेक्शनाने द्यावयाच्या काबोटेग्राव्हिरची एचआयव्ही-प्रतिबंधासाठी सात आफ्रिकी देशांत ३,२२४ स्त्रियांवर चाचणी सुरू झाली, तेव्हा दीर्घकाळ टिकणारे गर्भनिरोधन सक्तीचे होते. औषध गुणकारी ठरल्यावर पुढच्या भागात ती सक्ती काढण्यात आली आणि गर्भ राहिलेल्या स्त्रीला इच्छा असल्यास इंजेक्शन चालू ठेवण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच्या ‘पर्पज १’ या चाचणीने, जिच्यात दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील ५,३३८ मुली व तरुण स्त्रिया होत्या आणि वर्षातून दोनदा घ्यावयाच्या लेनाकापाविर या इंजेक्शनाची परीक्षा होती, गर्भनिरोधनाची अट आरंभीच ठेवली नाही. गर्भ राहिल्यास स्त्रीला पुन्हा सर्व माहिती देऊन, तिने नव्याने संमती दिल्यास, ती चाचणीत राहू शकत होती. २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा लेनाकापाविर घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीचा संसर्ग झालेला नव्हता. चाचणीच्या काळात सहभागी स्त्रियांपैकी ४८७ जणींच्या मिळून ५१० गर्भधारणा नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांची हकीकत औषधाच्या माहितीचाच भाग झाली.